आबा दिसायचे बंद झाले

रोज संध्याकाळी साडेसातला मी आबांबरोबर जेवायचे. आबा म्हणजे माझे वडील. ते गावी पिशोरला, मी शहरात क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर, आणि मधे दोन-सव्वादोन तासांची बस. तरी जेवण बरोबर व्हायचं. त्यांच्या खोलीतल्या फळीवर मी एक छोटा कॅमेरा बसवला होता आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा असायचा. आबांनी ताटावरचं झाकण काढलं की मी माझ्या ताटावरचं काढायचे. ते कांदा बुक्कीनं फोडायचे, म्हणून मीही सुरी सोडून बुक्कीवर आले. पहिल्या आठवड्यात कांद्याऐवजी माझी करंगळीच फुटायची बाकी होती.

चित्राला आवाज नव्हता. कॅमेऱ्याला माइक होता, पण तो मी पहिल्याच दिवशी बंद केला. म्हातारा माणूस एकटा असताना काय पुटपुटतो, कसा कण्हतो, ते लेकीनं ऐकू नये असं मला वाटलं. बघितलेलं चालतं, ऐकलेलं नाही, हे मी कुठल्या न्यायानं ठरवलं होतं ते आता मला सांगता यायचं नाही.

फोनचा आबांना उपयोग नाही. उजवा कान पूर्ण गेलेला, डावा अर्धा. कानाचं मशीन मी घेऊन दिलं आहे. ते इतकं जपून ठेवलं आहे की कानाला लावायचं राहूनच गेलं. फोन लावला की ते ‘हां, बरंय, बरंय, ठेव’ एवढं म्हणतात आणि स्वतःच ठेवतात. मी काय विचारलं ते त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं. त्यांचं काय बरं आहे ते माझ्यापर्यंत येत नाही.

आई गेल्यापासून ते गावी एकटेच राहतात. शेत चुलतभाऊ बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, करतो, त्याचं घर भिंतीला भिंत लागून आहे, आणि त्याची बायको, माझी वहिनी, दोन्ही वेळा आबांचं ताट झाकून ठेवून जाते. मागच्या वर्षी आबा दुपारी मोरीत घसरले ते वहिनी संध्याकाळचं ताट घेऊन येईपर्यंत तसेच पडून होते. हाड मोडलं नाही हे नशीब. पण ती दुपार माझ्या डोक्यातून जाईना. मी म्हणाले, माझ्याकडं राहायला चला.

“तिसऱ्या माळ्यावर?” आबा म्हणाले. “कबुतर हाय का मी?”

विषय संपला. मग मी कॅमेरा बसवला. त्यांनी हरकत घेतली नाही. ‘लाव,’ म्हणाले, आणि मी खुर्चीवर चढून खिळा ठोकत होते तेव्हा खुर्ची धरून उभे राहिले.

माझं लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारणारी माणसं आता थकली, त्यामुळं सांगायचीही गरज उरली नाही. मी एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. कंपनी एका शहरात, सर्व्हर दुसऱ्या शहरात, आणि मी घरात. सकाळी मीटिंग असते, तिच्यात सगळ्यांचे कॅमेरे बंद, नुसत्या नावांच्या चौकटी. बिल्डिंगमध्ये मला ‘नेटवाल्या ताई’ म्हणतात. कुणाचं वायफाय बंद पडलं की माझी बेल वाजते, आणि ते चालू झालं की त्यांचं दार लागतं. भाजीवाल्याला ‘पाव किलो द्या’ म्हणाले तेवढंच दिवसभराचं बोलणं, असे कितीतरी दिवस गेलेत. मी काही रडकी बाई नाही. पण खरं सांगायचं तर त्या साडेसातच्या जेवणावर माझा दिवस उभा होता.

आणि त्यालाच मी हात लावला. याला खाजवून खरूज काढणं म्हणतात.

झालं असं की संध्याकाळी चित्र अडखळायचं. आबांचा हात ताटात असायचा आणि पुढच्या क्षणी ते पाणी पिऊन तोंड पुसत असायचे. मधले दोन-तीन घास हरवायचे. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं, पण माझा धंदाच हा आहे. माझ्या घरातलं चित्र अडखळावं हे मला खपेना. त्यातून ऑफिसात नेमकं त्याच सुमाराला पासथ्रू करून बघायचं निघालं होतं. म्हटलं, आधी घरी करून बघू.

पासथ्रू म्हणजे काय ते सांगते, अवघड नाही. माझ्याकडं एक जुना सर्व्हर आहे. त्या एका खऱ्या मशीनच्या पोटात मी चार मशीनं चालवते. ती खरी नव्हेत, सॉफ्टवेअरनं उभी केलेली, व्हर्च्युअल. खरं मशीन यजमान आणि आतली पाहुणे, असंच त्यांना म्हणतात. एक पाहुणा माझ्या घराचा राऊटर आहे: बाहेरचं इंटरनेट त्याच्यातून येतं, आणि पिशोरच्या घराला माझ्या घराशी जोडणारी खासगी वाटही त्याच्यातूनच जाते. दुसरा पाहुणा कॅमेऱ्याचं चित्र घेतो. यजमानाकडं नेटवर्कचं कार्ड एकच, त्यामुळं तो मधे उभा राहून सगळ्यांना वाढतो, आणि चित्र तिथंच अडखळत असावं असं मला वाटलं. पासथ्रू म्हणजे हे वाढप बंद. एक खरं कार्ड उचलायचं आणि थेट एका पाहुण्याच्या हातात द्यायचं. मग यजमानाला ते कार्ड वापरता येत नाही. दिलं ते दिलं.

कार्ड मी शहागंजातून आणलं. तिथं गल्लीत कॉम्प्युटरच्या जुन्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. दुकानदार चाचांनी दोन पोर्टचं, म्हणजे केबल लावायच्या दोन तोंडांचं, कार्ड फुंकर मारून हातात दिलं आणि म्हणाले, “चलता मॅडम, टेन्शन नक्को लेव. नै चल्या तो वापस ला देव.” दोन पोर्ट बघून मला आणखी एक शहाणपण सुचलं. माझ्या मशीनच्या मूळ पोर्टाची खाच तुटली आहे, केबल जरा हलली की सुटते. म्हणून ठरवलं, नव्या कार्डाचा एक पोर्ट राऊटरला देऊ आणि दुसरा यजमानाला ठेवू. एका दगडात दोन पक्षी.

मंगळवारी सहाला काम आटोपून बसले. साडेसातच्या आत होईल असा अंदाज होता. आमच्या धंद्यात सगळेच ‘तासाभराचं काम आहे’ म्हणतात आणि त्यावर विश्वास ठेवणारे सगळे नवे असतात. मी काही नवी नव्हते, तरी ठेवला.

मशीन बंद करून कार्ड बसवलं, चालू केलं. पहिली तक्रार आली की या मशीनमध्ये पासथ्रूची सोयच सुरू केलेली नाही. ती बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या अगदी मुळातल्या सेटिंगमध्ये, बंद होती. सुरू केली. मग राऊटरला एक पोर्ट लिहून दिला आणि त्याला सुरू केलं. आणि सगळं गप्प. राऊटर दिसेना, दुसरा पाहुणा दिसेना, यजमानसुद्धा दिसेना. खोक्यातला पंखा तेवढा फिरत होता.

एक पोर्ट दिला होता, गेले दोन्ही. मशीन आपले भाग गटागटानं बांधून ठेवतं, आणि पासथ्रूला गटातला एकटा भाग देता येत नाही, सगळा गट जातो. एका कार्डावरचे दोन पोर्ट एकाच गटात होते. गावाकडं सामाईक सातबारा असतो, दोन भावांचं नाव एकाच उताऱ्यावर. त्यातला एकाचा तुकडा परस्पर कुणाला दिला की दुसऱ्याच्या दारात भांडण येतं. आमच्या घरात हे माहीत नाही असं माणूस नाही. आजोबांपासून सगळ्यांनी त्या एका उताऱ्यापायी तालुक्याला खेटे घातलेत. आबा तर कुणी दोरीनं अंगण मोजायला लागलं तरी आधी उतारा दाखव म्हणतात. आणि त्यांच्या लेकीनं उतारा न बघता अंगठा उठवला. गट कोणता, त्यात कोण कोण, हे बघायला एक ओळ टाइप करावी लागते. मी ती टाइप केली नव्हती.

आता यजमानाचं स्वतःचंच कार्ड गेल्यामुळं मला लॅपटॉपवरून त्याच्यापर्यंत पोचता येईना. मशीन बंद करून चालू केलं तर राऊटर आपोआप सुरू व्हायचा आणि उठल्या उठल्या कार्ड पुन्हा घेऊन टाकायचा. त्याला सुरू होऊ नको म्हणायचं तर मशीनला पडदा जोडायला हवा. माझ्याकडं वेगळा पडदा नाही. हॉलमधला टीव्ही मी भिंतीवरून काढला आणि छातीशी धरून आतल्या खोलीत नेला. दुसऱ्या बाजूनं धरायला कुणी असतं तर तो दाराच्या चौकटीला घासला नसता. “अगं घे की सरळ, काय आडवी चालतीस,” असं मी स्वतःलाच म्हणाले, मोठ्यांदा. घरात माणसाचा आवाज आला की मी दचकते, आवाज माझा असला तरी.

या सगळ्यात आठ वाजून गेले. आबांचं जेवण झालं असणार. मी उभ्यानंच दूध-पोळी खाल्ली. कांदा घेतला नाही.

बुधवारी आमच्याकडं नळाला पाणी यायचा दिवस होता. तो चुकवला तर पुढचे कितीतरी दिवस टँकरवाल्याच्या पाया पडायचं, म्हणून सकाळी एक कान मोटरीकडं ठेवून मी टीव्हीसमोर जमिनीवर बसले. राऊटरचं आपोआप सुरू होणं बंद केलं. मग ठरवलं, जाऊ दे दोन्ही पोर्ट राऊटरला, यजमानानं आपल्या जुन्या तुटक्या पोर्टावर परत जावं. केबल सुटू नये म्हणून खाचेत आगपेटीची काडी मोडून बसवली. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पण शेवटी काडीच कामाला येते.

यजमान आला. राऊटर सुरू झाला, त्याला त्याचं कार्ड दिसलं. मी टाळी वाजवली. पण आता चित्र घेणारा पाहुणा सुरू होईना, मेमरी पुरत नाही म्हणे. काल पुरत होती, आज का नाही? तर एरवी पाहुणा लागेल तशी मेमरी मागून घेतो. ज्याच्या हातात खरं कार्ड आहे तो मात्र सुरू होतानाच आपला सगळा वाटा घेऊन बसतो, कारण ते कार्ड त्याच्या मेमरीत कुठंही, कधीही थेट लिहू शकतं. राऊटरला मी पूर्वी कधीतरी उदार होऊन भरपूर मेमरी लिहून दिली होती. ती निम्म्यावर आणली तेव्हा दुसऱ्याला जागा झाली.

तरी इंटरनेट नाही. दुपारपर्यंत मी राऊटरची प्रत्येक सेटिंग उलटीसुलटी केली. शेवटी नाक मुठीत धरून इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसात फोन केला.

“म्याडम, डबा बदलला का तुम्ही?” तिकडचा माणूस म्हणाला.

“डबा नाही. कार्ड बदललंय.”

“मंग तेच. आमच्याकडं जुन्या कार्डाचा नंबर हाय ना. नवा नंबर आमचं मशीन आत घेत नाय. सांगा नवा.”

मी नंबर वाचून दाखवला. दोन मिनिटांत इंटरनेट आलं. प्रत्येक कार्डाला स्वतःचा नंबर असतो आणि बाहेरचे लोक त्यावरूनच आपल्याला ओळखतात, हे मी नव्या मुलांना शिकवते. पहिल्याच दिवशी शिकवते.

संध्याकाळी सव्वासातला सगळे पाहुणे जागेवर होते. मी वरण-भात लावला, कांदा घेतला, लॅपटॉप उघडला. पडदा काळा. पिशोरकडं जाणारी वाट जोडलीच जात नव्हती. इकडून हाका जात होत्या, तिकडून एकही उत्तर येत नव्हतं.

मी वहिनीला फोन लावला.

“वहिनी, आबा बरे आहेत ना?”

“व्हय की, बरे हायत. हे काय, ओट्यावर बसल्यात.”

“त्या फळीवरच्या कॅमेऱ्याच्या डबीचा हिरवा दिवा लागलाय का, बघता जरा?”

मागं कुठंतरी भांडं वाजलं. “बघून सांगते, ताई,” ती म्हणाली.

तिनं सांगितलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं. आमच्या कामातला पहिला नियम असा की काही बंद पडलं तर शेवटचा बदल कुणी केला ते बघायचं. शेवटचा बदल मी केला होता. म्हणजे चूक माझी, माझ्याच घरात, याच मशीनमध्ये. आबा बरे आहेत एवढं कळलं, बाकीचं मला शोधायचं होतं.

गुरुवार असाच गेला. ऑफिसचं काम एका डोळ्यानं, हे दुसऱ्या डोळ्यानं. त्या खासगी वाटेच्या किल्ल्या, म्हणजे तिचे परवलीचे शब्द, बदलून बघितल्या. राऊटरचे नियम एकेक करून काढले, एकेक करून परत घातले. थेट कार्ड दिलं की कधीकधी कार्ड स्वतःच पाकिटांची, म्हणजे वाटेनं जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांची, तपासणी करायला जातं आणि चुकीचं पाकीट पाठवतं, म्हणून त्याची ती हुशारी बंद केली. कुणाला विचारावं तर परदेशातल्या लोकांच्या चर्चेच्या पानांवर विचारायचं. तिथं कुणीतरी चार वर्षांपूर्वी हुबेहूब माझाच प्रश्न विचारला होता आणि खाली स्वतःच लिहिलं होतं, ‘सुटलं, धन्यवाद.’ कसं सुटलं ते लिहिलं नव्हतं. त्या अनोळखी माणसाचा मला इतका राग आला की मी लॅपटॉप मिटला आणि गच्चीवर जाऊन उभी राहिले. गच्चीवर वाळत घातलेले कपडे होते, सगळे दुसऱ्यांचे.

संध्याकाळी साडेसातला पडदा काळा असतानाही मी ताट वाढून घेतलं. काळ्या पडद्यात माझाच चेहरा दिसत होता, घास चावताना. आपण जेवताना अशा दिसतो हे मला माहीत नव्हतं. दोन घास झाले आणि मला रडू आलं. आबांना काही झालेलं नव्हतं, ते साठ-पासष्ट किलोमीटरवर धडधाकट ओट्यावर बसले होते. रडू माझ्यासाठी होतं. नऊ महिने मी म्हणत होते की मी म्हाताऱ्या वडिलांवर लक्ष ठेवते. लक्ष कुठलं, मी सोबत शोधत होते.

शुक्रवारी मी हार मानली. हार मानायची आमची एक रीत आहे: जुन्या बॅकअपवर परत जायचं. शहागंजचं कार्ड काढून पिशवीत टाकलं. इंटरनेटवाल्यांना पुन्हा फोन करून जुना नंबर द्यायला लावला. तो माणूस हसला, मी हसले नाही. मशीन मंगळवारी सहाला, मी हात लावायच्या आधी, जसं होतं तसंच्या तसं उभं केलं. चित्र अडखळेल तर अडखळू दे, दोन-तीन घास हरवले तर हरवले.

तरी पडदा काळाच.

आता सगळं जुनंच होतं, माझा एकही बदल उरला नव्हता, आणि तरी पिशोर लागत नव्हतं. मग जे मंगळवारी पाच मिनिटांत बघायला हवं होतं ते बघितलं. राऊटर रोजच्या घडामोडींची नोंद ठेवतो. त्या नोंदीत पिशोरकडून आलेलं शेवटचं पाकीट होतं मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. मी मशीनला हात लावला सहाला. माझा स्क्रू-ड्रायव्हर खणातून बाहेर यायच्या जवळजवळ दोन तास आधी पिशोर गप्प झालेलं होतं.

पासथ्रूचा काही संबंधच नव्हता. चित्र नेहमी मी साडेसातलाच उघडायचे, त्यामुळं दुपारपासून ते बंद आहे हे मला कळायला मार्ग नव्हता. आणि चूक आपलीच हे एकदा ठरवल्यावर मी दुसरीकडं बघितलंच नाही. चार दिवस मी स्वतःच्या घरात चोर शोधत होते.

वहिनीला परत फोन केला.

“बरे हायत, ताई,” मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. “तुम्ही येताय का?”

“उद्या येते.”

“या, या,” ती इतक्या घाईनं म्हणाली की मला शंका यायला हवी होती. मला वाटलं, तिकडचा राऊटर जळाला असेल.

शनिवारी सकाळच्या बसनं निघाले. पाठीवरच्या बॅगेत नवा राऊटर, दुसरा कॅमेरा, दोन अडॅप्टर, केबल, केबलची टोकं बसवायचं चिमट्यासारखं हत्यार, टेस्टर. आबांसाठी काही घ्यावं हे बस सुटल्यावर सुचलं. खिडकीशी बसून मी आठवायला लागले की यापूर्वी या बसमध्ये कधी बसले होते. कॅमेरा नव्हता तेव्हा दर दुसऱ्या शनिवारी जायचे. ठरलेलंच होतं, जाताना खारी न्यायची, येताना वहिनी भाजी द्यायची. कॅमेरा बसवला त्यानंतर पहिला शनिवार ऑफिसच्या कामात गेला, आणि मी म्हणाले, रोज बघतेय की, बरे आहेत. दुसऱ्यालाही तेच म्हणाले. दिवाळीत माझी ड्यूटी होती. मी त्यांना कुरियरनं धोतर पाठवलं आणि ते नेसून ते जेवायला बसले ते मी पडद्यावर बघितलं. मला छान वाटलं होतं. कन्नडच्या स्टँडवर बस थांबली, लोक उतरले-चढले, आणि मी बोटांवर महिने मोजत होते. कॅमेरा बसवायला गेले ती माझी शेवटची खेप होती.

आबा घरापुढच्या ओट्यावर बसले होते. उठले नाहीत. “आली?” एवढंच म्हणाले, आणि सरकून जागा केली. मी बसले नाही. आधी बिघाड बघायचा, मग बसायचं, अशी माझी सवय. तशीच बॅगेसकट आत गेले.

फळी रिकामी होती. कॅमेरा नाही, राऊटर नाही, वायर नाही. खिळा होता. फळी पुसलेली होती.

मी बाहेर आले आणि आबांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “आबा, डबी कुठंय?”

ते उठले, आत आले, खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. आत धुतलेल्या टॉवेलात सगळं बांधून ठेवलेलं होतं. कॅमेरा, राऊटर, दोन्ही अडॅप्टर. वायर गुरांच्या दाव्यासारखी गुंडाळून मधे गाठ मारली होती. काही तुटलं नव्हतं, काही जळलं नव्हतं.

“बिघडलं होतं का?”

“बिघडतंय कशाला? म्या काढलं.”

“का?”

आबांनी पेटी परत ढकलली आणि खाटेवर बसले. त्यांना राग आला नव्हता. बी-बियाण्याचं काही समजावून सांगावं तसं ते सांगत होते. “ते नव्हतं तवा तू पंधरा दिसाला येत व्हतीस. ते आलं, मंग तू आली नाय. आता काढलं, तर आली.” मग म्हणाले, “सासरी गेलेल्या पोरी बी दिवाळीला येत्यात. तू तर सासरी बी गेली नाय.”

मी चिडले. “मग बोलवायचं ना मला! वहिनीला सांगायचं, ये म्हणून निरोप द्यायचा!”

“बलवून आलेल्याला पाव्हणा म्हणत्यात,” आबा म्हणाले.

वहिनी दारात उभी होती. “मला म्हणले, सांगू नको,” ती म्हणाली, माझ्याकडं न बघता. “म्या काय करू, ताई?”

मी बॅग खाली ठेवली. दुपारभर मी आबांना समजावत होते की हे चार दिवस मी काय काय केलं. कार्ड, दोन पोर्ट, टीव्ही, काडी. ते मान डोलवत होते. त्यातलं किती ऐकू गेलं आणि किती कळलं, देव जाणे. सामाईक उताऱ्याचं सांगितलं तेव्हा मात्र ते एकदम म्हणाले, “उतारा बघून घ्यावा, माय, आधी,” आणि आम्ही दोघं हसलो. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ते आत गेले नाहीत आणि मीही गेले नाही.

दिवे लागल्यावर वहिनी खोलीत दोन ताटं ठेवून गेली, तेव्हा आम्ही आत जाऊन बसलो. आबांनी कांदा पुढं ओढला आणि बुक्की उगारली. मीही माझ्या ताटातल्या कांद्यावर बुक्की मारली, अगदी त्यांच्यासारखी, एका दणक्यात. आबांनी वर बघितलं. ही रीत माझी नव्हती, आईची तर नव्हतीच.

“हे कवा शिकलीस?”

तेव्हा मी सांगितलं. कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते शेजारपाजारच्या तीन घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडून सांगावं लागलं. “रोज बघत होते आबा मी तुम्हाला! रोज तुमच्याबरोबरच जेवत होते! तुम्ही झाकण काढलं की मी काढत होते. एक दिवस चुकवला नाही!”

आबांचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी रिकाम्या फळीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“मला कसं कळावं, माय?” ते म्हणाले. “मी तर एकलाच जेवत व्हतो.”